नवशिक्यांसाठी जिग
झेंडू आणि मशिन ऑइलचा वास एकत्र आला की भोसरीच्या कारखान्यातली ती खंडेनवमी आठवते. आमच्या जुन्या ड्रिलवाल्याला भोकाची जागा नजरेनंच कळे. नवशिक्यांचं काम बिघडू नये म्हणून साहेबांनी त्याच्याकडून जिग, म्हणजे भोकाची जागा पक्की करणारा साचा, बनवून घेतला. लोखंडी पट्टी त्यात ठेवायची आणि ड्रिलचा दांडा ओढायचा. पूजेचा नारळही त्यालाच फोडायला दिला. "आता नव्या पोरांना शिव्या खाव्या लागायच्या न्हाईत, राव," तो खुशीत मला म्हणाला. दिवाळीनंतर त्याच्या मशिनवर निम्म्या पगाराचा शिकाऊ आला. "मग मी कुठं, साहेब?" "लोडिंगला माणूस कमी आहे." मी आता स्टोअर सांभाळतो. नव्या माणसाला सहज जमेल असं तुमचं काम क्रमवार लिहून द्या, असं परवा वरून सांगण्यात आलं. एरवी मी किराण्याचीही यादी करतो. कामाचा तो कागद मात्र कोराच ठेवलाय.