पसरलेले हात

लग्नानंतरच्या पहिल्याच कापूसवेचणीत आमचे हे संध्याकाळी बांधावर उभे राहिले. मान तिरकी, ओठांवर अर्धं हसू आणि दोन्ही हात पसरलेले. हिंदी सिनेमातल्या हिरोची ही पोझ ते मलकापूरच्या टॉकीजमधून शिकून आले होते. दिवसभर वेचून माझी कंबर मोडलेली. मी सरळ कापसाचं गाठोडं त्यांच्या हातांत टाकलं.

"काय वं हे?"

"मंग हात काऊन पसरले तुम्ही?"

आता त्यांचे केस पिकले, तरी दर हंगामात ते तसेच उभे राहतात. मी काही धावत जात नाही. सगळ्यात जड गाठोडं देते, ते मुकाट्यानं घरी नेतात. सिनेमातले हिरो हिरोइनीला उचलतात खरे, पण तिचं गाठोडं उचललेलं मी अजून पाहिलं नाही.