टपाची डावी बाजू

"विचारून घेऊ आधी," असं मामा म्हणायचे आणि मधल्या बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायचे. मग कान तिरका. पुन्हा टकटक. माणसांना सोडून पत्र्याला काय विचारता, असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माणूस खोटं बोलतो हो. पत्र्याला जमत नाही ते."

बादली, ट्रंक, माझ्या सायकलचं मडगार्ड, काही म्हणजे काही सुटायचं नाही. एकदा माझा नवाकोरा जेवणाचा डबा वाजवून बघितला आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणाले, "एक उन्हाळा." मी असा चिडलो! डबा खरंच एका उन्हाळ्यात गेला, पण ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ग्वाल्हेर संस्थानच्या मोटारखान्यात ते ड्रायव्हर. पणजोबा दख्खनमधून घोड्यावर बसून आले, वडील पागेत होते, हे मोटारीवर. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, मोटारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलली. गाड्या त्याच राहिल्या आणि मामाही तेच. वय झालं म्हणून स्टिअरिंग काढून घेतलं आणि दुरुस्तीला बसवलं, एवढाच काय तो फरक. मी तिथे नवा कारकून होतो. मराठी घरातला म्हणून मामा माझ्याशी मराठीत बोलायचे. बाकी सगळ्यांशी हिंदी, आणि तीही मोजकीच.

घरी जायची घाई कधीच नसते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामा त्यातले. नई सडकेच्या मागे एक खोली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. रविवारीसुद्धा यायचे. "मामा, आज तर छुट्टी आहे," मी म्हणायचो. "हो ना. पण घरी करू काय? भिंतींशी बोलू?" असं म्हणून शेडमधल्या एका जुन्या पिकअपच्या पायरीवर बसायचे आणि भाकरी सोडायचे.

ही पिकअप म्हणजे विलायती गाडी. पुढे दोघांपुरती केबिन, मागे लाकडी हौदा. उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला जायचा तेव्हा सामान वाहायला हीच मामांच्या हाती असायची. दुसऱ्या कोणी तिच्यावरून फडका जरी फिरवला तरी मामांचं तोंड वाकडं व्हायचं. आम्ही मुद्दाम फिरवायचो.

मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळ ठरली. आमच्या ग्वाल्हेरचं तोंडच उतरलं. कचेऱ्यांचं सामान बांधलं जाऊ लागलं. गल्लीत रोज कुणाच्या तरी दाराशी टांगा उभा आणि वर ट्रंका. मलाही भोपाळचा हुकूम आला. आमच्या खात्यात फर्मान निघालं की धड गाड्या भोपाळला जातील, निकामी गाड्या इथेच मागच्या आवारात पडतील. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पिकअपचं इंजिन ठणठणीत होतं. पण केबिनच्या टपाला गंज धरलेला. साहेबांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "पुट्टी भरो, रंग मारो, भेजो."

"विचारून घेऊ आधी," मामा माझ्याकडे बघून पुटपुटले आणि स्टुलावर चढले. उजवी बाजू खणखणीत वाजली. डावीकडे आले तर आवाज बसका. नखाने रंग खरवडला तर पापुद्राच हातात आला आणि बोट आरपार गेलं.

"मामा, एकाच बाजूला कसा हो गंज?"

मामांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझंच पाप आहे ते," म्हणाले. "शिवपुरीला जाताना नोकरमाणसांची बिऱ्हाडंही जायची. आमची ही माझ्यासोबत, डावीकडे बसायची. तिला ऊन सोसायचं नाही. मग मी पोतं भिजवून टपावर टाकायचो, तिच्या डोक्यावर येईल असं. वाटेत विहीर दिसली की पुन्हा भिजवायचं. दर उन्हाळ्यात तेच. पत्रा बिचारा करेल काय?"

"आणि तुमच्या बाजूला?"

"मला कशाला? मी तर ड्रायव्हर."

आता खरं सांगतो, मला त्या माणसाची फार दया आली. आम्ही सगळे भोपाळला निघालेलो. मामांची नोकरी आणखी थोडे महिने, तीही इथेच, रिकाम्या शेडमध्ये. मागे ही गाडी तरी राहावी. मी हळूच म्हटलं, "मामा, टप दुरुस्त करूच नका. मी यादीत निकामी लिहितो. कोण बघायला येतंय? राहील तुमच्याजवळ."

मला वाटलं खूश होतील. कसलं काय! "निकामी कोणाला म्हणता, बाबूसाहेब?" असे काही कडाडले की चौकीदार आत डोकावून गेला. दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी आपणहून माझ्या टेबलाशी आले. "खरंच लिहिता येईल का हो तसं?"

"येईल की."

"मग राहील?"

"राहील, मामा."

त्या दिवशी हत्याराला हात लावला नाही त्यांनी. पायरीवर बसून राहिले, भाकरीही तशीच फडक्यात. गाडी जवळ हवी होती त्यांना, अगदी जीव तुटत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. चार वाजायच्या सुमाराला उठले आणि छिन्नी घेतली.

"इथे राहून करेल काय ती? माझ्यासारखी बसेल," म्हणाले. "एकाने बसावं तेवढं पुरे."

मग सात-आठ दिवस मी ते काम पाहिलं. गंजाच्या चारी बाजूंनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेले, शाळेच्या पाटीएवढा तुकडा काढला. भंगारातल्या एका मडगार्डमधून तसाच जाड पत्रा कातरला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने टपाची गोलाई त्याला आणली. गॅसच्या ज्योतीने जोडताना इथे एक टाका, मग तिकडे लांब एक टाका, मध्ये ओलं फडकं. "एकाच जागी तापवलं की पत्रा रुसतो, वाकडा होतो," म्हणायचे. मग कानस, मग पुन्हा गंज धरू नये म्हणून जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. लालभडक टप पाहून चौकीदाराने हात जोडले, "हनुमानजी बना दिया क्या, मामा?" मामा हसले. फार दिवसांनी हसले. वर रंगाचे दोन हात बसल्यावर जोड कुठे आहे ते मला सापडेना. यादीत मी 'चालू' लिहिलं, आणि लिहिताना मला वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी भोपाळचा ड्रायव्हर आला, तरुण आणि बोलका. हौद्यात फायलींचे गठ्ठे चढले, त्यांच्यावर मी. मामा सवयीने उजव्या दाराशी गेले, तिथे तो बसलेला. तो म्हणाला, "आओ बाबा, नाके तक घुमा दूँ." मामा घुटमळले. मग पुढून वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या जागेवर पहिल्यांदाच.

नाक्यावर गाडी थांबली. मामा उतरले. मीही खाली उडी मारून त्यांच्या पाया पडलो. आशीर्वाद वगैरे काही नाही, गाडीकडेच बघत होते.

"बाबूसाहेब, त्या जागेवरून रस्ता धड दिसत नाही हो," म्हणाले. "त्या बाजूची गादी खोल, बॉनेट उंच, मध्येच येतं. दिसतो तो फक्त ड्रायव्हर. मी शिवपुरीला पोहोचलो की तिला विचारायचो, काय काय बघितलंस गं वाटेत? म्हणायची, सगळं बघितलं."

एवढं बोलून वळले आणि शहराकडे चालू लागले. त्यांची माझी तीच शेवटची भेट.

"बाबूजी, आगे आ जाओ, जगह खाली है," ड्रायव्हर म्हणाला.

मी नाही गेलो. भोपाळपर्यंत मागे फायलींवरच बसून राहिलो.