धवल्यात बारावी पास

जासईच्या यशोदाबाईंचा आवाज बसला आणि कोपरखैरण्याला त्यांच्या लेकीच्या, संध्याच्या जिवाला घोर लागला. आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्या बाईचा घसा तो, बसायचाच. त्यात एवढं काय? पण यशोदाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात डीजे कितीही दणाणू दे, भटजी कितीही घाईत असू दे, धवलारीण देवांना, पितरांना, सोयऱ्यांना नावं घेऊन गाण्यातून बोलवत नाही, तोवर जुनी माणसं लग्न लागलं असं मानतच नाहीत. त्या गाण्याला म्हणायचं धवला. आजूबाजूच्या गावांतल्या कित्येक नवऱ्या यशोदाबाईंच्या धवल्यावर सासरी गेल्या. राहिली होती ती त्यांची लाडकी नात, मिताली.

"संध्ये, मितालीचं या वैशाखात उरकून टाक," फोनवर त्यांचा घोगरा आवाज आला. "गला हाय तवर माज्या नातीचा धवला मना म्हनू दे. मग डोलं मिटलं तरी चालंल."

संध्या भाकऱ्या थापत होती. तिचा हात तिथेच थांबला. आईनं आजवर काही म्हणून मागितलं नव्हतं. साडी नेली तरी ‘कशाला आनलीस?’ म्हणून ओरडायची. आणि मागून मागून मागितलं ते हे!

मिताली वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. स्थळ वाईट होतं असंही नाही. प्रितम कंटेनर यार्डात सुपरवायझर, शांत मुलगा, मितालीलाही आवडलेला. फक्त त्याच्या घरच्यांचं म्हणणं, लग्न याच वर्षी. शिक्षणाचं काय ते मग बघू. हे ‘मग बघू’ संध्या पुरतं ओळखून होती. तिच्या वर्गातल्या हुशार हुशार पोरी त्या ‘मग बघू’त गडप झालेल्या तिनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ती स्वतः वाचली ती केवळ आईमुळे.

ती बारावीला असताना तिच्या बापानं, शिवानं, ऐन परीक्षेच्या तोंडावरचा मुहूर्त धरला होता. घरात नुसता आनंदीआनंद. यशोदाबाई चुलीपुढून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पोरीचं पेपर होऊन निकाल लागत नाय, तवर मी धवला म्हननार नाय."

शिवा भडकला. "धवलारीन काय तू एकलीच हायस?" असं म्हणत तणतणत निघाला दुसरी शोधायला. पण पंचक्रोशीतल्या धवलारणी शिकल्या कुणाच्या हाताखाली? यशोदाबाईंच्याच! आणि जिनं शिकवलं तिच्या दारात तिला डावलून तोंड उघडायचं नाही, हा धवलारणींचा रिवाज. सगळ्यांनी हात जोडले. शिवा घरी आला, मुकाट जेवला आणि मुहूर्त गेला पुढे.

बरं, एवढ्यावर गप्प बसतील त्या यशोदाबाई कसल्या! लग्नात, नवरी कुणाची लेक, कुणाची नात हे गाता गाता मध्येच त्यांनी ‘बारावी पास’ घातलं. अगदी चालीत, खड्या आवाजात. बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. "अगो बाय, धवल्यात बारावी!" शिवाचं तोंड हे एवढं फुगलं. नवरीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण नवरदेवानं, कुंदननं, ते नीट ऐकलं होतं. पुढे बेलापूरला राजश्रीताई वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला कुणी हवं होतं, तेव्हा संध्या कचरत होती आणि तोच म्हणाला, "जा की! भर मांडवात गायलंय तुझ्या आईनं, फुकट घालवतेस का?" शाळा सुटली की छोटी मिताली त्याच ऑफिसात येऊन बसायची. पाटीवर चित्रं काढता काढता पक्षकारांची रडगाणी ऐकायची, आणि घरी येऊन बाबांची उलटतपासणी घ्यायची. वकिलीचं खूळ शिरलं ते तिथं.

रविवारी संध्या जासईला गेली. वाटभर शब्द जुळवले, पण आईला ओट्यावर सुकट निवडताना पाहिलं आणि सगळे विसरली.

"आये, लगीन आता नाय," ती एकदम बोलून गेली. "मितालीची वकिली पुरी होऊ दे."

यशोदाबाईंनी मान वर केली नाही. सुकटीतला कचरा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तुज्या वेलंला मी अडवलं, कारन गला माज्यापाशी होता. आता गलाच चाललाय, संध्ये. नातीच्या लग्नात मी काय खुर्चीवर बसून डीजे ऐकू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धवला आईकडून लेकीकडे जायचा. आईलाही तो तिच्या आईनं दिलेला. पण लग्नाचं बोलावणं आलं की यशोदाबाई बाकीच्या पोरींना बरोबर न्यायच्या आणि संध्याला मात्र ‘तू अभ्यास कर’ म्हणून घरी ठेवायच्या. परक्या पोरी शिकल्या, पोटची राहिली. हे आईला किती लागलं असेल, हे एवढ्या वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"मग मला शिकव," संध्या म्हणाली.

"तुला?" यशोदाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आरतीला तोंड उघडतेस तर बाजूची मान्सं गप होतान!"

"बारावी पास हाय मी. पाठ करीन."

यशोदाबाई हसल्या, हसता हसता खोकल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी सुरुवात केली. आवाज फाटत होता, पण चाल कुठे हलत नव्हती. एक ओळ आई म्हणायची, मागून लेक. चुकलं की सुकटीचा हात गुडघ्यावर बसायचा. देव झाले, पितर झाले, मामा-मावश्या झाल्या. नवरी कुणाची लेक, कुणाची नात, इथवर आल्या आणि यशोदाबाई थांबल्या.

"पुढे?"

"पुढं तिचं शिक्षन. तुजं घातलं व्हतं तसं."

संध्यानं सूर लावला, "वकील..."

फाडकन गुडघ्यावर हात बसला. "कुठं जाली अजून ती वकील? धवल्यात खोटं म्हनायचं नाय, देव ऐकतान. ती जागा मोकली ठेव. आनि जागा मोकली हाय तवर लगीन नाय, सांग त्या प्रितमच्या घरच्यांना. धवलारनीचा निरोप हाय म्हनावं."

"आये, आणि तुझा गळा?"

"तुजा हाय ना आता," यशोदाबाई म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं. "चल, पयल्यापासून."

संध्यानं डोळे पुसले. पहिल्यापासून म्हणायला घेतलं, आणि त्या जागेवर आल्यावर थांबली.