गुलिको मावशींच्या घरातला पाचवा आत्मा

अर्जदाराचे नाव : गुलिको, सिमोन यांची कन्या, आडनाव ओनिआश्विली. जन्म : १९१२. वैवाहिक स्थिती : विधवा. व्यवसाय : निवृत्त, पूर्वी मोजे विणण्याच्या कारखान्यात. पत्ता : तिब्लिसी, सोलोलाकी, चढावरचे अंगण, दुसरा मजला, डावीकडचा जिना (उजवीकडचा पडला आहे). सध्याचे निवासी क्षेत्र : खोली एक, अठरा चौरस मीटर. कुटुंबातील आत्मे : पाच. मागणी : तीन खोल्या.

अर्जातलं अक्षर माझं. आमच्या अंगणाभोवती बावीस कुटुंबं राहायची आणि त्या सगळ्यांत माझंच अक्षर तेवढं सरकारी दिसतं असा समज होता. पाच हा आकडा मात्र मावशींचा.

आमच्याकडे कुटुंब माणसांनी मोजत नाहीत, आत्म्यांनी मोजतात. "तुम्ही किती आत्मे?" असं पोस्टमनसुद्धा विचारतो, आणि त्यात त्याला काही अध्यात्म अभिप्रेत नसतं. सरकारी फॉर्मवरही तोच शब्द होता. देवधर्म अधिकृतपणे बंद असलेल्या देशात आत्मे तेवढे फॉर्मवर शिल्लक राहिले होते. नियम सोपा होता : दर आत्म्यामागे नऊ चौरस मीटर. चार आत्म्यांना दोन खोल्या, पाच आत्म्यांना तीन.

१९७८च्या वसंतात मावशी फॉर्म घेऊन माझ्या सज्ज्यावर आल्या.

"लिही. मी."

"एक."

"नुगझार आणि इझोल्दा." मुलगा आणि सून.

"तीन."

"खातुना." नात, चौदा वर्षांची.

"चार."

"शाल्वा."

मी 'पाच' लिहिलं. शाल्वा काका सहा वर्षांपूर्वी वारले होते. त्यांची शवपेटी त्या डाव्या जिन्यावरून खाली आणताना एक कोपरा माझ्याच खांद्यावर होता, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण आदल्याच संध्याकाळी मी मावशींच्या टेबलाशी बसलो होतो, तिथं काकांचा ग्लास भरून ठेवलेला होता, आणि काका कसे लबाड होते यावर सगळे हसत होते. अशा माणसाला वगळताना हात अडखळला असता. लिहिताना अडखळला नाही.

आता त्या अठरा मीटरांविषयी. खोलीच्या मधोमध एक टेबल होतं. मिटलेलं असलं की सहा माणसांचं, उघडलं की वीस जणांचं. एका बाजूला कोचावर मावशी आणि खातुना झोपायच्या. दुसऱ्या बाजूला भलंमोठं कपाट आडवं उभं केलेलं, आणि त्याच्यामागे नुगझार आणि इझोल्दाचा संसार. पंधरा वर्षांचा. स्वयंपाकघर बाहेर सज्ज्याच्या टोकाला, फळ्या मारून केलेलं.

इझोल्दा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आवाज न चढवता बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं फार लागायचं.

"नुगझार, मला खोली नको आहे," ती एका रविवारी सकाळी कपाटामागून म्हणाली. "मला दार हवं. बंद होणारं."

"कपाटाला आहे की दार," नुगझार म्हणाला.

"त्याच्या आत मी मावत नाही. बघितलंय मावून." मग जरा थांबून ती म्हणाली, "या वर्षात दार मिळालं नाही, तर खातुनाला घेऊन मी कुतैसीला जाते. बाबांकडे चार खोल्या आहेत. राहतात दोन म्हातारी माणसं आणि एक मांजर."

"आणि मी?"

"तू ये की. मांजराशी पटलं तर."

नुगझार हसला, पण एकटाच. कपाटाच्या अलीकडे मावशी बीन्स निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. अठरा मीटरांत ऐकू न येण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या.

जूनमध्ये गृहसमितीचा तपासनीस आला. अंझोर नाव, तिशीतला, बगलेत कागदांची पिशवी आणि खिशात मोजपट्टी. खोलीची लांबी घेण्यासाठी त्याला टेबलाखालून रांगत जावं लागलं. पलीकडे बाहेर आला तेव्हा गुडघे झटकत त्यानं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. घरचे चौघं होते, शिवाय मी. मला मावशींनी 'अक्षराची जबाबदारी तुझी' म्हणून बोलावलं होतं.

"मावशी, हे शेजारी सोडले तर चार दिसताहेत. पाचवे कुठं आहेत?"

"भिंतीवर."

अंझोरनं भिंतीकडे पाहिलं. शाल्वा काका काळ्या चौकटीतून, मिशांसकट, त्याच्याकडे पाहत होते.

"मावशी, हे तर…"

"हो. आधी बस. उपाशी माणूस मोजायला चुकतो."

"मी ड्यूटीवर आहे."

"मग ड्यूटीवर बस."

टेबलावर मातीच्या भांड्यात वाफाळता लोबिओ आला, म्हणजे आमचा घट्ट शिजवलेला राजमा. चीज भरलेली गरम रोटी आली, अक्रोड लावलेली वांगी आली, गावाकडची वाइन आली. माझी खात्री आहे की अंझोर फक्त शिष्टाचारापुरता बसला. पण आमच्याकडे शिष्टाचाराला दोन तास लागतात.

नुगझार यजमान म्हणून प्याले उचलत गेला. पहिला शांततेसाठी, दुसरा पाहुण्यासाठी. तिसरा गेलेल्यांसाठी. गेलेल्यांचा प्याला उभं राहून घेतात. सगळे उठले. अंझोरही उठला, कारण गृहसमितीत लागण्याआधी त्यालाही एका आईनं वाढवलं होतं. त्यानं रोटीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सोडले, "शाल्वा काकांच्या आत्म्याला!" म्हणाला, ग्लास रिकामा केला आणि खाली ठेवला.

मावशी त्याचीच वाट पाहत होत्या.

"कोणाच्या आत्म्याला प्यायलास?"

"शाल्वा काकांच्या."

"उभा राहून?"

"उभा राहून."

"मग तो आहे की नाही?"

खातुनाला ठसका लागला. अंझोरनं फॉर्म पुढ्यात ओढला आणि त्या पाचाच्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. मी वांगी वाढून घेतली.

"मावशी, आहेत. नाही कोण म्हणतं? पण त्यांची नोंद नाही ना."

"नोंद मीच केली त्याची. छत्तीस साली, लग्नाच्या कचेरीत. तेव्हा पण तुझ्यासारखाच एक होता, बारीक तोंडाचा."

"अहो, पण त्यांना नऊ मीटर लागतात कशाला?"

"त्याला नकोतच. त्याला ग्लास ठेवण्यापुरती जागा पुरते. बाकीचे मीटर मला सुनेला द्यायचेत. तिला दार हवंय."

इझोल्दा वाकून रोटीचे तुकडे करायला लागली. आधीच तुकडे केलेल्या रोटीचे. नुगझारनं बाटली उचलली आणि कोणाला काही न वाढताच परत ठेवली.

अंझोरनं खिशातून पेन काढलं. पट्टी धरली आणि पाचावर एक सरळ रेघ ओढून वर चार लिहिलं. वाईट काम होतं, पण नीटनेटकं केलं.

"खोट्या नोंदीवर मला तुरुंगात जायला लागेल, मावशी. तुम्हाला पण, आणि या अक्षरवाल्यांना पण."

"जाऊ दे. वाईट वाटून घेऊ नकोस. जेव."

तो जेवला नाही. पेन हातात धरून तसाच बसला. मग आवाज खाली आणत म्हणाला, "शहराच्या टोकाला, ग्लदानीत नवीन इमारती झाल्यात. कोपऱ्यावरच्या फ्लॅटला खोल्या दोनच, पण नकाशा काढणाऱ्याच्या चुकीनं स्वयंपाकघर मोठं आलंय. दहा मीटर. लोक खोल्याच बघतात, म्हणून ते कोणी मागत नाही. मागू का?"

"खोल्यांना दारं आहेत?"

"दोन्हींना."

"कड्या?"

"लावून घेता येतील."

"माग," मावशी म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात लोबिओ वाढला.

शरदात किल्ली मिळाली. रिकामा फ्लॅट बघायला आम्ही सगळेच गेलो. लिफ्ट बंद होती, सातवा मजला. वर पोचल्यावर मावशींनी दम घेतला, मग लहान खोलीपाशी जाऊन दार तीनदा लावलं, तीनदा उघडलं. तिसऱ्यांदा आत कोंडून घेऊन ओरडल्या, "नुगझार, मला ऐकू येतंय का बघ, काहीतरी बोल!"

"काय बोलू?"

"आलं ऐकू. दाराला आतून रजई ठोकावी लागेल." बाहेर येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "हे घे. तुझं."

मोठ्या खोलीत टेबल. उघडलं तर वीस जण बसतात का, हे त्यांनी आम्हाला जमिनीवर रांगेत बसवून मोजलं. कोपराला कोपर लागलं पण बसले असते. टेबल मिटलं की खातुनाचा कोच. चौकटीतल्या शाल्वा काकांना टेबलाच्या डोक्याशी खिळा मिळाला.

"आणि तुम्ही कुठं?" इझोल्दानं विचारलं.

मावशींनी हनुवटीनं मागं दाखवलं. नकाशातल्या चुकीकडे.

"आई, असं नाही चालायचं. खातुनाबरोबर झोपा. नाहीतर आम्ही बाहेर झोपतो, तुम्ही आत झोपा. स्वयंपाकघरात माणूस राहतो का?"

"चाळीस वर्षं राहतेच आहे. फक्त झोपायला बाहेर यायचे."

इझोल्दानं सासूचा हात धरला आणि त्या दोघी तिथं गेल्या. खाट खिडकीपाशी ठेवावी की चुलीपाशी, यावर त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते दार बंद असूनही आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. इझोल्दा जिंकली. खिडकीपाशी.

ती कुतैसीला गेली नाही. उन्हाळ्यात जाते, मांजराला भेटायला.

सध्याच्या नोंदवहीत असं आहे : ग्लदानी, सातवा मजला, आत्मे चार, खोल्या दोन, निवासी क्षेत्र छत्तीस चौरस मीटर, स्वयंपाकघर वगळून.

गुलिको मावशी स्वयंपाकघरात झोपतात.