समोरची खुर्ची

आमच्या गावच्या शेतकी सोसायटीच्या गोदामाचा राखणदार आल्यागेल्याला आधी "बसा की" म्हणायचा. बसायचं मात्र कुणी नाही. दुष्काळात ना बियाणं होतं ना खत. "न्हाय" एवढं ऐकून माणसं दारातूनच परत फिरत. मीही त्यांतलाच.

त्या रिकाम्या गोदामात औरंगाबादच्या काही नटांनी मिळून प्रायोगिक नाटकांचा महोत्सव भरवला. उद्घाटनाचं भाषण पहिल्या नाटकापेक्षा लांबलं. दुसऱ्या दुपारी एक नट खुर्चीवर गप्प बसला. समोर दुसरी खुर्ची रिकामी. कुणीही येऊन बोलावं, नट फक्त ऐकेल, असं पाटीवर लिहिलं होतं. आम्ही जाणकार चेहरे करून उभे राहिलो. राखणदार टोपी सारखी करून सरळ जाऊन बसला.

"दाजी, तुमीबी नाटकात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसा म्हणलंय त्यानं," तो म्हणाला आणि नटाला सांगू लागला. विहीर आटली तेव्हा तळाशी त्याचीच, कधीकाळी बुडालेली कळशी सापडली होती. ते सांगायला त्याला तासभर लागला. हसणारे कंटाळून निघून गेले. शेवटी तो उठला, तेव्हा स्वतःचाच नियम मोडून नट म्हणाला, "बसा की अजून."

सोमवारी मी गोदामात गेलो. नटमंडळी केव्हाच परतली होती. ती दुसरी खुर्ची राखणदारानं पुसून आपल्यासमोर ठेवली होती.

"बसा की."

मला तशी काही घाई नव्हती. तरी मी उभ्यानंच विचारलं, "बियाणं आलं का?"