पाहुनांची झोळी

काशीत झोळी घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. तरी त्या वर्षी चैत्रात रामघाटाच्या गल्लीतले लोक विश्वेश्वरराव पित्र्यांकडे वळून वळून बघत होते. त्यांच्या झोळीत कोणी काही टाकायचं नव्हतं, त्यात ते स्वतःच पडणार होते. फक्त ती टांगायला त्यांना जागा हवी होती, आणि रामघाटावर नेमकी तीच नव्हती.

झोळी होती सुती दोरीची, जाळीदार. शेजारच्या क्वार्टरमधले केरळचे एक प्रोफेसर निवृत्त होऊन गावी जाताना ती मागे ठेवून गेले होते. विश्वेश्वरराव विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते आणि त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात लंगड्या आंब्याची दोन झाडं होती, झोळीसाठीच मोजून लावल्यासारखी. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, चहा घ्यायचा आणि झोळीत अंग टाकायचं, हा त्यांचा तीसेक वर्षांचा नेम. जग इकडचं तिकडे झालं तरी त्या तासाभरात त्यांना कोणी हाक मारत नसे. मग निवृत्ती आली, क्वार्टर सोडावं लागलं, आंबे सरकारजमा झाले आणि झोळीची गुंडाळी बगलेत मारून विश्वेश्वरराव रामघाटावर राहायला आले.

घर बायकोच्या माहेरचं. शरदिनीबाई एकुलत्या एक. आईवडील गेल्यावर घर त्यांच्याकडे आलं. घरात काही उणं नव्हतं. पाणी होतं, वीज होती, वरच्या खिडकीतून गंगा दिसत होती. पण विश्वेश्वरराव मूळचे मध्य प्रदेशातल्या सागरचे, आणि या गल्लीत त्यांना एकच ओळख होती. तिकडच्या भोजपुरीत जावयाला पाहुन म्हणतात. दूधवाला म्हणायचा पाहुन, नाववाला म्हणायचा पाहुन, कोपऱ्यावरचा पानवाला तर लांबूनच 'पाहुन, पालागी', म्हणजे पाया पडतो, म्हणत हात जोडायचा. लोक अगदी मानानं म्हणत. पण मराठी कानाला तो शब्द पाहुणा असाच ऐकू येई. साठी उलटलेल्या माणसाला रोज सकाळी दहा जणांनी पाहुणा म्हटलं की त्याला आपली बॅग भरून ठेवावीशी वाटली, तर त्यात त्याचा काय दोष?

बॅग नेण्यासारखी जागाही होती. मुलानं, मुकुलनं, सारनाथच्या बाजूला तळमजल्यावरचा एक फ्लॅट बघून ठेवला होता. तो दिल्लीला नोकरीत, घरात निम्मं हिंदी बोलणारा. त्यानं फ्लॅटचे फोटो पाठवले. विश्वेश्वररावांनी खोल्या बघितल्याच नाहीत. फोटोत मागच्या बाजूला दोन कडुनिंब होते, आणि त्यांच्यातलं अंतर त्यांनी बोटानं स्क्रीनवरच मापलं.

शरदिनीबाईंना जायचं नव्हतं. तसं त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. एका रात्री जेवताना त्यांनी अट घातली. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत शोधा. झोळी टांगायला इथं जागा सापडली तर इथंच राहायचं. नाही सापडली तर मी मुकाट्यानं सारनाथला येते, घराला कुलूप लावू.

विश्वेश्वररावांनी अट लगेच मान्य केली. दोन झाडं शेजारी उभी आहेत अशी जागा या गल्ल्यांत कुठून निघणार? पण माणूस सरळ. शोधायचं कबूल केलं म्हणजे शोधायचं.

पहिली पाळी गच्चीची. जिन्याच्या खोलीची चौकट आणि समोरचा लोखंडी खांब यांच्यात झोळी छान बसली. विश्वेश्वरराव चटई आणायला खाली गेले आणि वर येऊन बघतात तर झोळीत एक दांडगा वानर, एक पाय बाहेर सोडून, निवांत. तो उठेना. उठला तेव्हा झोळीची एक बाजू दातांनी कुरतडून मगच उठला. दोर बदलून आणावे लागले आणि गच्ची बाद झाली.

मग घाटावरचा पिंपळ. पण काशीत पिंपळ म्हणजे नुसतं झाड नव्हे. घरात कोणी गेलं की दहा दिवस त्याच्या नावानं पिंपळाला पाण्याचं मडकं टांगतात, त्याला घंट म्हणतात. विश्वेश्वरराव फांदी चाचपायला गेले तेव्हा तिथं तीन घंट लटकत होते आणि एका मडक्यातून थेंब थेंब गळत होतं. ते हात जोडून परत फिरले. ज्या फांदीवर लोक आपल्या माणसांना पाणी पाजतात, तिथं आपण काय झोके घ्यायचे, असं त्यांना वाटलं.

मुन्शी घाटावरचे उंच दगडी खांब कोणी सुचवले. तिथं झोळी निम्मी बांधून होते न होते तोच चार पर्यटक फोटो काढायला सरसावले, आणि एका बाईनं तर दर विचारला. वेदपाठशाळेचे श्रीनिवास गुरुजी घरोब्यातले. त्यांनी पाठशाळेच्या चौकातला कडुनिंब आणि शेजारचा खांब देऊ केला. विश्वेश्वरराव एक दुपार तिथं पडले. समोर मुलं संथा म्हणत होती, आणि म्हणताना त्यांचे डोळे या लोंबत्या गृहस्थावरून हलत नव्हते. दोन स्वर चुकले, गुरुजींनी एकाचा कान धरला, आणि विश्वेश्वरराव ओशाळून खाली उतरले.

मुकुलचा फोन आला, "पापा, स्टँड मिलता है, ऑर्डर कर दूँ?" लोखंडी स्टँडवर टांगलेली झोळी म्हणजे खाटच की, असं म्हणून विश्वेश्वररावांनी तो विषय संपवला. खरं तर स्टँड चालला असता. पण प्रत्येक जागा बाद झाली की त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि हे त्यांचं त्यांनाही नीट कबूल करवत नव्हतं. सारनाथचे कडुनिंब एकेक पाऊल जवळ येत होते.

शरदिनीबाई कुठली जागा का बाद झाली ते ऐकून घ्यायच्या आणि भाजी घ्यायला बाहेर पडायच्या. भाजी कोपऱ्यावर मिळे, पण त्यांना परतायला तासभर लागे. क्वार्टरमध्ये असताना भाजी दारात यायची आणि पाच मिनिटांत घेऊन व्हायची. हा फरक विश्वेश्वररावांच्या ध्यानात आला होता, पण आल्यासारखा नाही.

श्रावणात गंगा चढली. पायऱ्या गेल्या, घाट गेला, गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलं. घराचं अगदी खालचं दालन, जे घाटाकडे उघडतं, ते नेहमीप्रमाणे बुडालं. त्या दालनात कोणी जात नसे. सासरे गेल्यापासून दर पुरात तिथं गाळ साचत गेला होता. भाद्रपदात पाणी उतरलं तेव्हा शरदिनीबाई म्हणाल्या, घराला कुलूपच लावायचं तर खालचं साफ करून लावू, आणि त्यांनी शिवरामला गाळ उपसायला सांगितलं. हा शिवराम म्हणजे रामघाटाचा नाववाला, याच पाण्यात वाढलेला. त्यानं पंप लावला, दोन माणसं घेतली, आणि पितृपक्षातल्या एका दुपारी खालून विश्वेश्वररावांना हाक मारली. शरदिनीबाई तेव्हा श्राद्धाच्या स्वयंपाकाला शेजारी गेल्या होत्या.

गाळाखालून दोन दगडी खांब मोकळे झाले होते. प्रत्येकात छातीच्या उंचीवर एक जाड लोखंडी कडं बसवलेलं. "पाहुन, ई कड़ा नाव बान्है बदे हौ," शिवराम म्हणाला. पूर्वी पुरात नावा थेट इथं आत आणून बांधत.

विश्वेश्वरराव एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालले. मग उलट चालले. पावलं मोजायची गरज नव्हती, शरीराला ते अंतर पाठ होतं. शिवराम गेल्यावर त्यांनी झोळी आणली, कड्यांत दोर ओवले आणि आत पडले. मागे थंड दगड, पुढे उघडी गंगा, आणि नदीवरून सरळ आत येणारा वारा. आंब्याखाली इतकं सुख नव्हतं. हे मनात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी झोळी सोडली, घडी केली, गाळाचा हात धुतला आणि वर जाऊन गप्प बसले.

विश्वेश्वररावांनी आयुष्यभर परीक्षेचे पेपर सांभाळले होते. एकही फुटला नाही, याचा त्यांना अभिमान होता. गुपित ठेवणं हा त्यांचा पेशाच म्हणायचा. पण ती गुपितं विद्यापीठाची होती. हे स्वतःचं होतं आणि ते पोटात राहीना. रोज दुपारी 'दालन वाळलं का बघून येतो' म्हणून ते खाली जात, अर्धा तास झोळीत पडत, आणि चोरासारखे वर येत. वर आले की शरदिनीबाई विचारत, वाळलं का? ते म्हणत, अजून ओल आहे. नवरात्र गेलं, कोजागिरीनंतर लागणाऱ्या तिकडच्या कार्तिकातले आकाशदिवे लावायला घाटावर बांबू उभे राहिले, तरी त्या दालनाची ओल काही हटेना. मुकुलनं फोन करून विचारलं, सारनाथवाल्यांना हो कळवू ना? दिवाळीला ये, मग कळवू, असं ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी एके दुपारी ते असेच झोळीत पडले होते. वर गल्लीत बायका जमल्या होत्या. चिवड्याच्या पोह्यांवरून काही चाललं होतं, मराठी आणि हिंदीची सरमिसळ. मधेच एक बाई हसली. सुरुवात दबकी, मग आवरेना, मग श्वास लागेपर्यंत मोकळी. ऐकणाऱ्यालाही हसू यावं असं ते हसणं होतं. विश्वेश्वररावांना झोळीत एकट्यालाच हसू आलं. कोण असेल ही, त्यांनी विचार केला. गुरुजींची सून? का समोरच्यांच्याकडे कोणी पाहुणी आलीय?

ती बाई हसता हसता काहीतरी बोलली, आणि आवाज शरदिनीबाईंचा होता.

विश्वेश्वरराव उठून बसले. झोळी हलत राहिली आणि त्यांनी पाय जमिनीला टेकवून ती थांबवली. तीसेक वर्षं ते जिच्याबरोबर एका घरात राहिले, तिचं हसणं त्यांना ओळखू आलं नव्हतं. मग त्यांना आंब्याखालची संध्याकाळ आठवू लागली. ते झोळीत असत तेव्हा शरदिनी कुठं असे? घरात. काय करत असे? त्यांना आठवेना. तो तास फार शांत असे, एवढंच आठवत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी सपशेल.

ते वर आले तेव्हा शरदिनीबाई स्वयंपाकघरात मुळा किसत होत्या.

"खाली जागा आहे," विश्वेश्वरराव म्हणाले. "दोन खांब आहेत, कडी आहेत. पितृपक्षातच सापडली मला. तुला सांगितलं नाही."

शरदिनीबाईंचा हात थांबला नाही. "मग आज कसं सांगताय?"

विश्वेश्वररावांनी हसण्याचं सांगितलं. कोण बाई आहे म्हणून आपण विचारात पडलो, हेही सांगितलं. शरदिनीबाईंनी किसणी बाजूला ठेवली.

"ती कडी आमच्या बाबांनी बसवलीत," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी त्या कड्यांना लोंबकळायची. मला काय माहीत नव्हती?"

"मग सांगायचं नाही का? चैत्रापासून मी गावभर हिंडतोय."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी राहिला असता. मी तुमच्यासाठी क्वार्टरमध्ये इतकी वर्षं राहिलेय, ते राहणं कसं असतं मला ठाऊक आहे. तुमच्याकडून ते मला नको होतं. म्हणून नुसता गाळ काढून ठेवला."

विश्वेश्वरराव बाहेरच्या खोलीत आले आणि त्यांनी मुकुलला फोन लावला. सारनाथवाल्यांना नाही म्हणून कळव, ते म्हणाले. मुकुलनं चकित होऊन कारण विचारलं. मम्मीनं हट्ट धरला का, असंही विचारलं.

स्वयंपाकघरात शरदिनीबाईंनी किसणी धुवायला नळ सोडला होता. तो बंद झाल्याचं त्यांना ऐकू आलं.

"नाही," ते म्हणाले. "मला इथं राहायचंय."