खालची चिठ्ठी

हिरवा पडदा सरकतो. झुबैर गावातल्या एका लहानशा बालरुग्णालयाची तपासणीची खोली. ऑगस्टातली दुपार, वीज गेलेली, पंखा मान टाकून स्तब्ध. बाकांवर बायका, त्यांच्या मांडीवर पोरं. आणि अगदी कडेला, गुडघ्यांवर बसून फरशी पुसणारी, रुंद खांद्यांची, काळीभोर नशमिया. अशा पात्राला सहसा कुणी संवाद लिहीत नाही. सगळे तिला खाला म्हणत, म्हणजे मावशी.

डॉक्टर गस्सानला बगदादहून येऊन आठच दिवस झाले होते. त्याच्या टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा कारकून हमूद रचायचा. मुलग्यांच्या चिठ्ठ्या वर, मुलींच्या खाली. काळ्या वस्तीतल्या मुलींच्या पार तळाला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. गस्सानने कधी विचारलंही नव्हतं.

त्या दुपारी काळ्या वस्तीतून खैरिया आली. कडेवर चार वर्षांचं पोर. पिवळा झगा, दोन वेण्या, कानात निळा मणी. श्वास भात्यासारखा चाललेला. चिठ्ठीवर नाव होतं वर्दा. चिठ्ठी तळाला गेली.

"हमूदभाऊ, पोर फार धापतंय हो."

"उन्हात सगळेच धापतात. तुमच्यातली पोरं काटक असतात, त्यांना काही होत नाही. बस तिकडे."

दीड तास गेला. मधे गस्सानने जाता जाता पोराच्या बोटाला प्राणवायू मोजायची चिमटी लावली. चौऱ्याण्णव. "ठीक आहे, थांबू द्या," म्हणून तो पुढे गेला.

नशमिया बादली ओढत बाकापाशी पोचली, तशी खैरियाने वाकून तिच्या कानात काही सांगितलं. नशमियाने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. फडकं पिळलं, हात कोरडे केले, पोराला उचललं आणि थेट डॉक्टरच्या टेबलावर, त्या गठ्ठ्यावरच बसवलं.

"खाला, आता तू डॉक्टर झालीस का?" हमूद खेकसला.

"तू झालास तेव्हा मी विचारलं का रे?"

बाकांवरच्या बायका ओढणीआड हसल्या.

"यंत्रात चौऱ्याण्णव आलंय," गस्सान म्हणाला.

"यंत्र बोट बघतं, डॉक्टरबाळा. आमच्या काळ्या बोटांवरून त्याला धड कळत नाही. इकडे खिडकीशी ये." तिने पोराचा ओठ अलगद उलटला. "हे बघ."

हिरड्या राखेच्या रंगाच्या होत्या. जीभही. गस्सानने कानांत नळी घालून छाती ऐकली. उजवी बाजू जवळजवळ मुकी. मग एकच धावपळ झाली. प्राणवायूची टाकी आली, सुई लागली, आणि अर्ध्या तासाने त्या राखेत गुलाबी रंग चढताना त्याने पाहिला. पुस्तकांतल्या चित्रांत त्याने पाहिलेली सगळी आजारी पोरं गोरी होती.

नशमिया केव्हाच फरशीवर परतली होती. तीस वर्षं ती तिथेच बसत आली होती. मांड्यांवरच्या पोरांची तोंडं तिला रोज खालून दिसत, ओठांच्या आतला रंग दिसे. कोणतं पोर घरी जाणार आणि कोणतं नाही, हे ती तिथे बसून शिकली. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कधी कुणी विचारलंही नव्हतं. गस्सान तिच्या पाठीकडे बघत राहिला, देवळाच्या दारात माणूस उभा राहतो तसा.

भिजलेला झगा उतरवताना तो थबकला. वर्दा मुलगा होता.

"पाच मुलींवर झालाय," खैरिया पुटपुटली. "दृष्ट लागू नये म्हणून सात वर्षांचा होईपर्यंत मुलगी म्हणून वाढवायचा. पण मघाशी मीच खालाला म्हटलं, मोडू दे नेम, मुलगा आहे म्हणून तू सांगून टाक."

गस्सान नशमियाशेजारी उकिडवा बसला. "खाला, एक शब्द बोलली असतीस तर हमूदने त्याच क्षणी चिठ्ठी वर घेतली असती."

"घेतली असती," ती फडकं पिळत म्हणाली. "मग उद्या खरीच मुलगी आली, तर मी काय सांगणार होते?"